राखून ठेवलेला नकार

“होऊ दे,” नकोबा म्हणाले.

आणि पुढच्या पानाकडे निघालेली तिची बोटं वाटेतच थबकली. दार घट्ट बसलंय असं समजून खांद्याने जोर लावावा, ते आधीच उघडं निघावं, आणि माणूस धाडकन आतल्या खोलीत सगळ्यांसमोर जाऊन पडावा, तसं तिचं झालं. टेबलावर तिने विहीर ठेवली होती, म्हणजे विहीर नावाचं पत्त्याचं पान. पहिली विहीर. कित्येक वर्षं रविवारी दुपारी ती ही पहिली विहीर ठेवत आली होती आणि नकोबा तिला “नाही” म्हणत आले होते. हे इतकं ठरून गेलेलं की विहीर ठेवताना ती विहिरीकडे बघतही नसे. घरातून निघताना कुलूप ओढून बघावं तितक्याच लक्षाने ती ठेवायची. ते “नाही” म्हणणार, विहीर बाद होणार, मग खरा खेळ सुरू. आज मात्र विहीर टेबलावर तशीच राहिली होती, काठोकाठ भरलेली, आणि तिचं आता करायचं काय हा विचार तिने कधी केलेलाच नव्हता.

नकोबा आपल्या हातातली पानं सारखी करत होते. चेहऱ्यावर नेहमीचंच, म्हणजे काहीच नाही. दुकानाच्या मागच्या या खोलीत नव्या कागदाचा आणि गोंदाचा वास कायमचा मुक्कामाला होता. पुढे वह्या, पेनं, रंगपेट्या. मागे चार टेबलं आणि खेळणारी मंडळी. मालकीणबाई दाराशी स्टुलावर बसून सुटी पानं रंगांप्रमाणे लावत होती आणि कान मात्र दोघांकडे लावून होती, कारण या दोघांच्या डावाची मजा बघण्यात नसून ऐकण्यात आहे असं तिचं मत होतं. “काय झालं गं?” तिने विचारलं. “आज ‘नाही’ ऐकू नाही आलं.”

“म्हटलंच नाही तर ऐकू कुठून येणार,” नकोबा म्हणाले. “खेळ बाई, विहीरबाई. पाणी शिळं होईल.”

खेळ साधा आहे असं खेळणारे सांगतात आणि मग तासभर समजावत बसतात. आपल्याला एवढं पुरे, की प्रत्येकजण आपला डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, घरून बांधून आणतो, दर पाळीला समोर दिव्याचं एक पान उभं मांडतो, आणि पान खेळायचं तर त्याच्या किमतीइतके दिवे आडवे करतो. आडवा दिवा पुढच्या पाळीपर्यंत झोपलेला. तिचा डेक तीन पानांवर उभा होता: विहीर, घंटा आणि आरसा. विहिरीतून बादली काढली की नवं पान हातात येतं आणि विहीर आटते. आरसा असला की आटलेली विहीर पुन्हा भरते. घंटा दर बादलीला वाजते आणि दर टोल्याला समोरच्याच्या मोजक्या प्राणांतला एक घेते. तिन्ही एकत्र आली की बादल्या संपत नाहीत, टोले थांबत नाहीत, समोरच्याने मुकाट्याने हात मिळवावा. पण सुटी सुटी असताना तीच तीन पानं म्हणजे लग्नघरात तीन दिशांना तोंडं करून बसलेले नातेवाईक. नकोबांचा डेक बरोबर याच्या उलट. त्यात जिंकणारं पान म्हणाल तर एक हत्ती, तोही आळशी. बाकी सगळे नकार, म्हणून तर ते नकोबा. तुम्ही पान ठेवायचं, त्यांनी दोन दिवे आडवे करून “नाही” म्हणायचं. दुसऱ्या टेबलांवर लोक नुसती मान हलवतात. या टेबलावर मोठ्याने बोलायची पद्धत होती, आणि ती नकोबांनीच घातलेली. “नाही” तरी म्हणा, नाहीतर “होऊ दे” म्हणा. मान हलवून लिफ्टला कळतं का, असं ते विचारायचे. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या.

त्यांच्या त्या लिफ्टचीच गोष्ट तिच्या डोक्यात सकाळपासून वरखाली करत होती. नकोबांच्या मुलीचा फोन आला होता. मुलगी लांब, दुसऱ्या शहरात, संसारात. बोलताना नेहमी घाईत, आज मात्र सावकाश. “ताई, तुम्हालाच विचारते,” ती म्हणाली होती. “बाबा परवा लिफ्टमध्ये नुसते उभे होते. दार लावून, बटण न दाबता. वरच्या काकूंनी दार उघडलं तर म्हणाले, मला वाटलं निघालीय.”

“चेष्टा केली असेल.”

“मलाही तेच वाटलं. तिथंच तर घोडं अडलंय. त्यांची चेष्टा कुठली आणि खरं कुठलं, मला जन्मात कळलं नाही. डॉक्टर म्हटलं की नाही. काठी म्हटलं की नाही. माझ्याकडे या म्हटलं की फोनच ठेवतात. तुम्ही दर रविवारी त्यांच्या समोर बसता. त्यांचं डोकं तुम्ही बघता तितकं जवळून मी कुठं बघते? फक्त एवढं सांगा, पूर्वीसारखे खेळतात का. नसतील तर मी येत्या आठवड्यात येते, घर बंद करते, त्यांना घेऊन जाते. विचारत बसत नाही.”

विचारत बसत नाही. हे शेवटचं वाक्य तिला टोचलं होतं, आणि पोरगी ते प्रेमापोटी बोलली होती म्हणून जास्तच टोचलं होतं. ज्याने जन्मभर दुसऱ्याला तोंड उघडून होय-नाही म्हणायला लावलं, त्याला न विचारता उचलणार! पण ती “बरं, सांगते” म्हणाली होती, कारण दुसरं काय म्हणणार? आणि म्हणूनच ती इथे बसली होती, खेळायला नव्हे, तपासायला. तपासणं हा तर तिचा धंदाच. चष्म्याच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत ती लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत असते. हे बरं की ते बरं? पहिलं की दुसरं? इतक्या वर्षांत तिच्या लक्षात एक गंमत आली होती, की माणसं नंबर काढायला येतात आणि परीक्षेला बसतात. दिसत नसलेलं अक्षर अंदाजाने ठोकून देतात, आणि बरोबर आलं की खूश होतात, जणू आता चष्मा माफ. म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका. बाहेर बाकावर बसून आधीच्या माणसाचं ऐकून तक्ता पाठ करून येतात. ती हसायची, रागवायची नाही, भिंग बदलायची. पण खुर्चीत बसलेल्याला निदान आपण तपासून घेतोय हे ठाऊक असतं. इथे नकोबांना काय ठाऊक होतं? झोपलेल्या माणसाच्या अंगाचं माप काढावं तसं तिला वाटत होतं. आणि आता हे “होऊ दे.”

तिने बादली काढली. विहीर आटली, एक पान हातात आलं. घंटा.

तर मग हिशेब मांडू, तिने स्वतःला सांगितलं. हिशेब मांडला की तिला बरं वाटायचं, मग तो जुळो न जुळो. एक बाजू अशी, की नकोबांनी विहीर सोडली कारण त्यांना कळलंय की विहीर हे आमिष आहे. ती दर वेळी विहीर पुढे करते, त्यांचा एक नकार तिथे खर्ची पडतो, आणि आरशासाठी एक नकार कमी उरतो. इतकी वर्षं हे चाललंय, आज त्यांनी आमिष गिळायचं नाकारलं. तसं असेल तर त्यांचं डोकं पूर्वीसारखं नाही, पूर्वीपेक्षा चांगलं आहे, आणि मुलीने आपल्या घरी सुखाने नांदावं. दुसरी बाजू अशी, की ते विसरले. विहीर समोर आली आणि ती काय करते तेच आठवलं नाही. दार लागलं, बटण राहिलं, आणि त्यांना वाटतंय की निघालीय. दोन्ही बाजूंना टेबलावर दिसायला एकच गोष्ट होती: एक म्हातारा माणूस शांतपणे “होऊ दे” म्हणतोय. हे बरं की ते बरं? आणि तिच्याकडे बदलायला भिंग नव्हतं.

या माणसाच्या “नाही”चं आपल्यावर केवढं ऋण आहे, हे तिला खरं म्हणजे आजच, ते न आल्यावर कळत होतं. ती या खोलीत पहिल्यांदा आली ती पानं विकायला. नवरा दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईकडे गेला आणि जाताना आपले सगळे शर्ट घेऊन गेला, पानांची पेटी मात्र माळ्यावर राहिली. त्याच्या लहानपणची. ती पेटी घेऊन ती आली, मालकीणबाई पानं उलटीपालटी करत होती, आणि कोपऱ्यातला म्हातारा, तेव्हा म्हातारा म्हणण्याइतका नव्हता, म्हणाला, “विकायच्या आधी एकदा खेळून तरी बघा, बाई. कशाशी भांडलात ते कळेल.” ती बसली ती चिडून. आणि चिडूनच खेळली. किरकोळ पान हातात आलं की लगेच ठेवायची, जुळणारी तीन मात्र साठवायची आणि जमली की तिन्ही एका दमात आपटायची. नकोबा एकेकाला “नाही” म्हणायचे. आवाज चढवत नसत, हसत नसत, सबब सांगत नसत. आणि तिच्या ध्यानात आलं की लग्नातही आपण असंच करायचो: मनात एकेक साठवायचो, तीन गोष्टी जमल्या की जेवणाच्या टेबलावर एकदम मांडायचो, आणि त्या आपटलेल्या आवाजातच हरायचो. फरक इतकाच की नवऱ्याने तिला उभ्या जन्मात “नाही” म्हटलं नव्हतं. तो “बघू” म्हणायचा. नोकरी करू का? बघू. आईला चार दिवस आणू का? बघू. “बघू”ला धडक मारता येत नाही, ते गादीसारखं आत जातं आणि पुन्हा वर येतं. तिची कितीतरी वर्षं त्या “बघू”च्या बाकावर बसून गेली होती. आणि इथे एक परका माणूस दोन दिवे आडवे करून स्वच्छ सांगत होता: नाही. कुठपर्यंत जायचं, भिंत कुठे, सगळं उजेडात. त्या दिवशी घरी जाताना ती हरली होती आणि तिला विलक्षण मोकळं वाटत होतं. पेटी तिने परत नेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली.

मग त्या भिंतीशी ती खेळायला शिकली. हातात आलं म्हणजे खेळलंच पाहिजे असं नाही, हे आधी शिकली. त्याला वर्ष गेलं असेल. समोरचा “नाही” घेऊन बसलाय तर त्याला वाट बघायला लावायची, कारण वाट बघण्यात आपला तोटा असतो तेवढाच त्याचाही; दर पाळीला आपलाही दिवा वाढतोच की. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, उभ्या दिव्यांकडे बघायचं. दोन उभे म्हणजे एक नकार परवडतो, चार उभे म्हणजे दोन. त्याचीच पाळी संपता संपता काहीतरी छोटं पुढे सरकवायचं, म्हणजे त्यावर त्याने दिवे आडवे केले तर आपल्या पाळीला तो अंधारात असतो. सगळ्यांत प्रिय वस्तू सगळ्यांत शेवटी, आणि तिच्या आधी एक बरीशी वस्तू, इतकी बरी की ती अडवल्याशिवाय त्याला राहवणार नाही. आणि आरसा ठेवायचा तो एकटा ठेवायचा नाही, त्याच्या मागे “हट्ट” घेऊन ठेवायचा. हट्ट हे पान एकाच दिव्याचं. समोरच्याच्या नकाराला नकार. नकोबांनीच ते तिला दिलं होतं, स्वतःच्या पेटीतून, स्वतःविरुद्ध. “हे घे,” म्हणाले होते. “तुला याची सवय कमी आहे.” पुढे ही आमिषांची रीत तिने बाहेरही वापरली, त्याची नोंद कुणाकडे नाही. दुकानाच्या मालकाकडे तिने आधी नवं यंत्र मागितलं, मग सहायक मागितला, दोन्हीला नकार घेतला आणि मग शांतपणे जे हवं होतं ते मागितलं: नंबर काढायची खोली माझ्या ताब्यात, माझ्या वेळा मी ठरवणार. तो बिचारा तोवर नकार देऊन देऊन ओशाळला होता.

नकोबांची पाळी झाली. त्यांनी एक दिवा मांडला, काहीच खेळले नाहीत, सगळे दिवे उभेच ठेवले. खिडकीतून आलेलं ऊन त्या दिव्यांच्या रांगेवर पडलं होतं. “तुझं,” ते म्हणाले.

तिने घंटा ठेवली. घंटा ही काही आमिष नव्हती, खऱ्या तिघांतली होती. आता बोला, तिने मनात म्हटलं. नकोबांनी घंटेकडे पाहिलं. पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, चित्र पाहिलं, परत ठेवलं. पान उचलून? इतक्या वर्षांत त्यांनी तिचं पान कधी उचलून पाहिलं नव्हतं.

“होऊ दे.”

मालकीणबाईचे हात थांबले. “अरे देवा,” ती म्हणाली, “आज काका दानधर्माला बसलेत.”

“तू तुझे रंग बघ,” नकोबा म्हणाले. “तांबडं पिवळ्यात घातलंयस मघाशी.” ते घातलेलं होतं.

आता विहीर होती, घंटा होती, आणि हातात आरसा आला होता. हट्टही होता. दिवे पुरेसे होते. असा हात नकोबांसमोर तिला कधी आला नव्हता. आला असेल तर तो स्वप्नात, आणि स्वप्नात ती या जागी आनंदाने आरसा आपटायची. आता तिला तो ठेववेना. ठेवला आणि ते पुन्हा “होऊ दे” म्हणाले, तर संपलं. डाव तर संपेलच, पण त्याबरोबर संध्याकाळी करायचा फोनही ठरून जाईल, त्यांचं घर बंद होईल, आणि या खोलीतल्या त्या खुर्चीवर कुणी दुसरा माणूस, मान हलवणारा, येऊन बसेल. न ठेवता राहावं का? एक पाळी जाऊ द्यावी, चुकल्यासारखं करावं, हरावं आणि मुलीला सांगावं की हो, पूर्वीसारखेच खेळतात? एवढं तरी या माणसासाठी करता येणार नाही का? ती हा विचार खरोखर करत होती, आणि तो करता करता तिला लाज वाटली. ज्याने तिला एकदाही, चुकूनसुद्धा, दया म्हणून एक पान जाऊ दिलं नाही, तिच्या घटस्फोटाचा कागद आला त्या आठवड्यातही नाही, त्याला ती दयेचा डाव देणार होती? त्या आठवड्यात नकोबांनी तिच्या प्रत्येक पानाला “नाही” म्हटलं होतं, नेहमीच्याच आवाजात. त्या दिवशी जगात फक्त तेवढीच एक गोष्ट जागच्या जागी होती. घरी जाऊन ती गाढ झोपली होती. नाही, त्यांना पूर्ण खेळच द्यायला हवा होता. देण्यासारखं तेवढंच तिच्याकडे होतं, आणि तेही त्यांच्याकडूनच आलेलं.

तिने चष्मा नाकावर वर सरकवला आणि आरसा ठेवला.

पुढे दुकानात कुणी पेन्सिल मागत होतं, मालकीणबाई उठेना. तिला आपला श्वास ऐकू येत होता आणि आपण मनात काय म्हणतोय तेही. म्हणा ना. म्हणा, काका. आयुष्यात पहिल्यांदा ती आपलं सगळ्यांत लाडकं पान टेबलावर ठेवून समोरच्याने ते हाणून पाडावं अशी वाट बघत होती. नकोबांचा हात दिव्यांकडे गेला, थांबला, एका दिव्यावरची धूळ पुसल्यासारखं केलं. मग एक दिवा आडवा झाला. मग दुसरा.

“नाही.”

तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने हट्ट ठेवला; ठेवायलाच हवा होता, आता तर हौसेने. “मग हे घ्या.”

“त्यालाही नाही,” नकोबा म्हणाले आणि आणखी दोन दिवे झोपवले. “आलीस मोठी हट्टाची.”

पुढचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आरसा गेला, हट्ट गेला, कोरड्या विहिरीशेजारी घंटा नुसतीच टांगलेली. दोन-तीन पाळ्यांनी हत्ती आला, आळसावत, आणि तिला तुडवून गेला. हरताना तिने त्यांचा हात दोन्ही हातांनी दाबला. नकोबांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, “एवढं काय? नेहमीच हरतेस.”

“आज नीट हरले.”

मालकीणबाई पेन्सिल द्यायला पुढे गेली. नकोबांनी पानं गोळा केली नाहीत. उभे राहिलेले दोन दिवे बोटाने सारखे करत बसले, आणि तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ती घंटा काय करते गं?”

तिचं हसू तोंडावरच राहिलं.

“चित्र ओळखलं मी,” ते म्हणाले. “विहिरीचंही ओळखलं. पण करते काय, तेच येईना. उचलून बघितलं तर अक्षरं बारीक. विचारायची लाज वाटली.”

“मग आरसा? आरसा कसा अडवलात?”

“आरशाचं तरी कुठं आठवत होतं?” आता ते हसले, चोरी पकडल्यावर पोर हसतं तसे. “मी तुझी पानं बघून कधीच खेळत नव्हतो, विहीरबाई. पहिल्या विहिरीला ‘नाही’ म्हणायचो ती नुसती रीत, आज तीही आठवली नाही. एवढी पानं, दर वर्षी नवी, कुणाला पाठ होतात? तू महत्त्वाचं पान ठेवायच्या आधी चष्मा वर करतेस. पहिल्या दिवसापासून. आज म्हटलं, चष्मा वर जाईपर्यंत होऊ दे, होऊ दे, नकार राखून ठेवू.”

ती बघत राहिली. आख्खा दिवस दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणारी ती बाई, आणि तिच्या नाकावरचा चष्मा इतकी वर्षं तिची चहाडी करत होता! मुलीला काय सांगायचं मग? हे बरं की ते बरं? ते विसरले होते आणि ते पूर्वीसारखेच खेळले होते. दोन्ही भिंगांतून सारखंच स्पष्ट दिसत होतं. विहीर गेली होती, घंटा गेली होती, आरसा गेला होता. ती स्वतः मात्र त्यांना तोंडपाठ होती.

“तिचा फोन आला होता ना?” नकोबा म्हणाले. “तू आज बसल्यापासून माझ्या तोंडाकडे बघतेयस. दिव्यांकडे बघायचं असतं. काय सांगणारेस?”

“हरले म्हणून सांगणार.”

“आणि?”

त्यांच्या समोर ते दोन दिवे अजून उभे होते. एका नकाराचे. तिने ते पाहिले, आणि सावकाश, आत काहीतरी जागेवर बसत असल्यासारखं, तिला आपली पाळी असल्याचं कळलं.

“काका, मुलीकडेच जाऊन राहा ना. किती बोलावते.”

“नाही.”

“मग स्वयंपाकाला बाई ठेवू. मी बघते चांगली.”

“नाही. माझे डबे हलवेल.”

“बरं, निदान ती लिफ्ट तरी सोडा. जिन्याने जा.”

“या गुडघ्यांनी? नाही.” मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, “त्या दिवशी बटण राहिलं. चेष्टा नव्हती ती. आतमध्ये उभा होतो आणि वाटत होतं, किती छान चाललीय, आवाजसुद्धा नाही. म्हटलं ही माझ्याच हातची असणार. लिफ्टमध्ये सगळी कारागिरी थांबवण्याची असते गं. दार लागलं नाही, थांब. वजन जास्त, थांब. म्हणून तुम्ही सुखरूप पोचता. वर ओढायला काय, एक मोटार पुरते.”

घाई करायची नाही, हे याच टेबलावर शिकलेलं. बाहेर पेन्सिलवाल्याला टोक करून हवं होतं, यंत्राचा किरकिर आवाज येत होता. मान खाली असल्याने तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला होता, जग अर्धं काचेतून आणि अर्धं धुकट दिसत होतं, आणि तिचा उजवा हात सवयीने वर यायला निघाला तो तिने मांडीवर घट्ट धरून ठेवला.

“मग डॉक्टरांना एकदा दाखवू,” ती म्हणाली, जमेल तितक्या सहज. “नुसतं तपासायला. मी येते बरोबर. आणि तुमच्या मुलीकडून मी वदवून घेते, की काय करायचं ते तुम्हाला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. तुम्ही तोंडाने होय-नाही म्हणाल, त्याप्रमाणे.”

नकोबांनी डाव संपल्यावर पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बराच वेळ.

“चष्मा घसरलाय तुझा.”

“असू दे.”

“पडेल.”

“पडू दे.”

“मुलगी, स्वयंपाकीण, जिना,” त्यांनी बोटांवर मोजलं. “तीन विहिरी. कुणी शिकवलं हे?”

“तुम्हीच.”

“वाईट शिकवलं. खरं पान इतकं जपून ठेवायचं नसतं, आंधळ्यालाही दिसतं.”

त्यांचा हात दिव्यांवर गेला. दोन बोटं, एकेका दिव्यावर एकेक, आडवं करायला लागतं तेवढंच वजन देऊन. ऊन आता टेबलाच्या कडेला आलं होतं आणि त्यांच्या नखांवर पडलं होतं, नखांत जन्मभराचं ग्रीस कधीच न गेलेलं. या बोटांनी आपल्याला किती वेळा थांबवलं, हे तिला आठवत होतं, एकेक रविवार, आणि त्या प्रत्येक थांबवण्याच्या पलीकडे आपण कुठे जाऊन पोचलो तेही. नकार त्यांच्याकडे होता, याबद्दल तिला तसूभरही शंका नव्हती. पान हातात, दिवे उभे, आणि समोरचं आमिष नव्हे, खरं पान आहे हे पुरतं ओळखलेलं.

नकोबांनी दोन्ही दिवे उचलले, उभेच्या उभे, आणि डेकवर ठेवून दिले.

“होऊ दे,” ते म्हणाले. आणि मग, पेटीचं झाकण लावता लावता, “आता कर तो चष्मा वर.”